पिंपळबारीच्या बाजाराची साफसफाई

जगदीश चौधरी सर हॉलंडला जाणार, ही बातमी तळोद्यात सरांच्या पासपोर्टच्या आधी पोचली. पासपोर्टचा अर्ज अजून भरायचाच होता, पण त्याने बातमीचं काही अडलं नाही. किराणा दुकानदाराने सरांना वजनात झुकतं माप द्यायला सुरुवात केली. टेलरने निळ्या ब्लेझरचं माप घेताना स्वतःहून खिसे वाढवले, परदेशात लागतात म्हणे. एका लग्नाच्या पंगतीत सरांच्या चुलत सासऱ्यांनी मोठ्याने विचारलं, तिकडे तुरीची डाळ मिळते का, आणि सर उत्तर देण्याआधीच चार लोकांनी आपापसात ठरवून टाकलं की मिळत नाही. तेव्हापासून सरांच्या पत्नी यामिनीताई पापड लाटायला बसल्या त्या बसल्याच. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सल्ल्यांची तर रांगच लागली होती. तिकडे थंडीने मिशा कडक होतात, तेव्हा मिशी काढूनच जा, असं एकाने सांगितलं. दुसऱ्याने सांगितलं, मिशी ठेवा, नाहीतर पासपोर्टवरचा फोटो जुळणार नाही. सर दोघांनाही हो म्हणाले. माणूस मोठा व्हायला लागला की त्याला हो म्हणण्याची सवय लावून घ्यावी लागते.

आता हे हॉलंड कुठून उपटलं, ते सांगायला हवं. सर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. मागणीचा वक्र वरून खाली का येतो हे ते इतक्या तळमळीने शिकवतात, की वक्र खाली यायच्या आत निम्मा वर्ग खाली उतरून कँटीनला गेलेला असतो. असं असताना माणूस एखादा छंद धरतो. सरांनी पिंपळबारीचा आठवडे बाजार धरला. म्हसावदच्या पुढे, सातपुडा जिथून चढायला लागतो तिथे हे गाव. डोंगरातल्या पाड्यांवरून लोक उडीद, चवळी, आमचूर, कोंबड्या घेऊन उतरतात. खालून सपाटीवरचे व्यापारी मीठ, कांदा, कापड, गोडीशेव घेऊन चढतात. मधल्या मैदानात एका म्हातारड्या महूच्या, म्हणजे मोहाच्या, झाडाभोवती दोघांची गाठ पडते आणि दिवसभर घासाघीस चालते. या बाजारात कोण कुठे बसतं आणि तिथेच का बसतं, हा प्रश्न सरांच्या डोक्यात शिरला. दोन हिवाळे ते स्कूटरवरून दर बाजाराला जात होते. घरच्यांना वाटायचं, स्वस्त भाजी आणायला जातात. भाजी आणायला ते नेमके विसरायचे.

शेवटी सरांनी नकाशा काढला. महूचं झाड मध्यभागी, भोवती विक्रेत्यांचे ठिपके, गोलाकार. ज्या पाड्याची पायवाट ज्या बाजूने मैदानात शिरते, त्या पाड्याची माणसं त्याच बाजूला बसतात, म्हणजे ओझं कमी वाहावं लागतं, असा सरांचा सिद्धांत होता आणि तो जवळजवळ सगळीकडे लागू पडत होता. फक्त एका ठिकाणी दोन ठिपके सिद्धांत न जुमानता एकमेकांना चिकटून बसले होते: दोन बाया, दोन वेगळ्या पाड्यांच्या, दोन वेगळ्या वाटांच्या. सरांनी त्यांच्यावर प्रश्नचिन्ह काढलं आणि खाली लिहिलं, कारण अज्ञात. संशोधनात असं एखादं प्रश्नचिन्ह असलं की संशोधक प्रामाणिक दिसतो.

हा नकाशा त्यांनी एका ऑनलाइन परिषदेत दाखवला. रेंज दोनदा गेली, मागून यामिनीताईंचा कुकर वाजला, पण हॉलंडच्या एका विद्यापीठातल्या प्रोफेसर आनेके यांना नकाशा भलताच आवडला. बाजार, दुकानं, रस्ते कुठे असावेत आणि का, याचं अर्थशास्त्र हा त्यांचा विषय. आणि जुन्या जागांचा वारसा न मोडता नवं नियोजन कसं करावं, हा त्यांच्या विभागाचा. मेलांची देवाणघेवाण झाली. दोन्ही संस्थांनी मिळून संशोधन करायचं, तसा करार करायचा आणि इकडच्या समन्वयकाने एक सत्र हॉलंडला जायचं, असं ठरलं. अट एकच. आनेकेबाई स्वतः येऊन बाजार बघणार आणि नकाशा खरा आहे असं त्यांना पटलं, तरच सही. थोडक्यात, सरांचं हॉलंड त्या महूच्या झाडाखालच्या ठिपक्यांवर टांगलेलं होतं.

यानंतर कागदपत्रं सुरू झाली. प्राचार्य करणसिंग गिरासे म्हणाले, ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र आणा. सर पत्र आणायला गेले तर तिथल्या ग्रामसेवक भाऊसाहेबांनी दप्तर चाळून सांगितलं की मैदानाची नोंद पडीक जमीन अशी आहे, बाजाराची नोंदच नाही. जो बाजार कागदावर नाही, त्याला परदेशी पाहुण्यांनी बघायला हरकत नाही, असं पंचायत कसं लिहून देणार? सरांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. त्या दिवशी बाजारच होता. भाऊसाहेबांच्या टेबलावर त्याच बाजारातली गोडीशेव होती. भाऊसाहेब शेव खात खात म्हणाले, ते ठीक आहे, पण पुरावा काय? अखेर पत्र मिळालं ते असं: “पडीक जमीन पाहण्यास हरकत नाही.” प्राचार्यांना ते चाललं. प्राचार्यांना कुठलंही शिक्क्याचं पत्र चालतं.

पाहुण्या येण्याचा दिवस जवळ आला आणि सरांना रात्री-बेरात्री घाम फुटायला लागला. अशा वेळी माणसाने मिटल्या तोंडी बसावं. सर शेजारच्या ईश्वरभाऊंकडे गेले. ईश्वरभाऊ महसुलातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. अख्खी नोकरी त्यांनी साहेबांचे आणि मंत्र्यांचे दौरे पार पाडण्यात घालवलेली. त्यांचं सगळ्या जगाबद्दलचं मत दोन शब्दांत मावतं, ते त्यांनी ताबडतोब सांगितलं.

“दौरा शे ना सर? मंग चुना आणि गेरू.”

पुढचा तासभर त्यांनी विस्तार केला. एकदा एक मोठे साहेब दुष्काळ बघायला आले होते, तेव्हा रस्त्याच्या कडेचे दगड रंगवल्यामुळे साहेब इतके खूश झाले, की दुष्काळाचं विसरूनच गेले. गोऱ्या माणसाला तर स्वच्छतेचं फार. तुमचं ते मैदान मी बघितलंय, म्हणाले, सगळीकडे दगडधोंडे विखुरलेले. बाई ठेचकाळून पडली तर करार गेला आणि वर पोलीस पंचनामा. सरांच्या डोळ्यांपुढे आनेकेबाई ठेचकाळून पडल्या. ते तडक प्राचार्यांकडे गेले, आणि प्राचार्यांनी बाजाराच्या आदल्या दिवशी पिंपळबारीला कॉलेजचं श्रमदान शिबिर जाहीर करून टाकलं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण सरांना ती कुणी सांगितली नव्हती. ते दगड विखुरलेले नव्हते. ते ठेवलेले होते. पिंपळबारीच्या बाजारात ज्याची त्याची जागा दगडाने ठरते. आजीचा दगड आईकडे, आईचा सुनेकडे. दगड तिथे पडून असतो म्हणजे जागा राखलेली असते, आणि दुसऱ्याच्या दगडाला तिथे कुणी हात लावत नाही. मग दोन हिवाळे फिरून सरांना हे कसं दिसलं नाही? अहो, ते जायचे बाजार भरल्यावर. तेव्हा दगडावर पोतं असायचं, पोत्यावर माल असायचा, मालाच्या मागे बाई असायची. सरांनी बाया मोजल्या. बायांखालचे दगड बघण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती आणि ते सभ्यही दिसलं नसतं.

शिबिर मात्र झकास झालं. विद्यार्थी एरवी वर्गात बसत नाहीत ते इथे हिरिरीने राबले. मैदानातला एकूण एक दगड उचलला गेला. अर्ध्यांना चुना, अर्ध्यांना गेरू. मग मुख्य रस्त्याच्या फाट्यापासून मैदानापर्यंत, रस्त्याच्या दोन्ही कडांना एक पांढरा एक तांबडा अशी ओळ लावली. सगळ्यांत मोठा, देखणा दगड मैदानाच्या तोंडाशी उभारलेल्या स्वागत कमानीच्या पायाशी बसवला. मैदान झाडून त्यावर पाणी मारलं. ईश्वरभाऊ खास पाहणीला आले, कमरेवर हात ठेवून त्यांनी ओळ डोळ्यांनी सरळ आहे का बघितली आणि एक दगड पायाने अर्धा इंच आत सरकवला. सरांनी फोटो काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. इतके अंगठे आले की सरांना वाटलं आपण उगीचच इतकी वर्षं शिकवत बसलो.

दुसऱ्या दिवशी सर नवा ब्लेझर घालून सकाळीच पिंपळबारीला निघाले. फाट्याच्या अलीकडेच त्यांची स्कूटर अडली. पुढे एसटी उभी होती, एसटीच्या पुढे जीप, जीपच्या पुढे बैलगाडी, आणि या सगळ्यांच्या पुढे बाजार होता. सरांना आधी कळेचना. बाजार मैदानात हवा. हा रस्त्यावर होता. फाट्यापासून कमानीपर्यंत, दोन्ही कडांना, प्रत्येक रंगवलेल्या दगडामागे एक पोतं पसरलेलं, पोत्यावर माल आणि मागे माणूस. मधून जेमतेम एक शेळी जाईल एवढी वाट उरली होती आणि तिथून खरोखरच एक शेळी चालली होती. सर स्कूटर टाकून मैदानाकडे धावले. मैदान लख्ख होतं. महूच्या झाडाखाली चिटपाखरू नव्हतं. इतकी स्वच्छ जागा त्यांनी आयुष्यात बघितली नव्हती आणि त्यांना रडू यायच्या बेतात होतं.

कमानीच्या ऐन तोंडाशी उखा पावरा कोंबड्यांच्या पाट्या मांडून बसला होता, कारण तो सगळ्यांत मोठा दगड त्याचा होता. स्वागताच्या फलकाखाली कोंबड्या उलट्या टांगल्या होत्या. सरांनी त्याला मैदानात जायला सांगितलं. उखाने शांतपणे दगडावर हात ठेवला आणि सांगितलं की दगड इथे आहे. पुढचा म्हणाला दगड इथे आहे. त्याच्या पुढची म्हणाली दगड इथे आहे. रंग दिला म्हणून काय झालं, आपला दगड कुणाला ओळखू येत नाही होय? सकाळी उतरल्या उतरल्या सगळ्यांनी आपापले दगड शोधले, सापडले तिथे बसले. कॉलेजच्या साहेबांनी एवढे कष्ट घेऊन, रंग लावून जागा बदलल्या, म्हणजे वरून हुकूमच असणार, यात कुणालाही शंका नव्हती. डोंगरातल्या माणसाला साहेब लोकांनी इकडून उठवून तिकडे बसवल्याचं नवल वाटत नाही. नवल एवढंच वाटलं होतं की यावेळी रंगरंगोटी करून दिली.

सर परत फाट्याकडे पळाले. त्यांना एकच धास्ती होती, पाहुण्यांची गाडी. ओळीच्या अगदी शेवटी, फाट्यावर, जिथे येणारे-जाणारे पुरुष भिंतीकडे तोंड करून उभे राहतात त्या भिंतीच्या बाजूला, शांतीबाई आमचुराचं पोतं घेऊन बसल्या होत्या. तोंडावर पदर धरलेला. त्या सरांच्या ओळखीच्या. नकाशातला एक ठिपका. सरांनी जवळजवळ हात जोडून विचारलं की मावशी, तुम्ही तरी इथे का?

शांतीबाई घरी पावरी बोलतात आणि बाजारात अर्धी अहिराणी, अर्धी मराठी. त्या म्हणाल्या, “जठे मन्हा दगड, तठे मी. तुम्हीच आणून ठेवला ना आठे?”

मग शांतीबाईंनी जरा संकोचत एक काम सांगितलं. त्यांची लेक ममता कमानीकडच्या टोकाला बसली असेल, तिचा दगड म्हणे तिकडे लागलाय. ती बरी आहे का तेवढं बघून याल का सर? माल सोडून मला उठता येत नाही, तिलाही येत नाही. तिला सासरी देऊन दोन पावसाळे झाले, तिचं गाव डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. लग्न ठरलं तेव्हाच शांतीबाईंनी व्याह्यांशी बोलून लेकीचा दगड आपल्या दगडाला लावून घेतला होता. आठवड्यातून एक दिवस मायलेकी शेजारी बसत, माल विकत, बोलत. एरवी भेट नाही.

सर तिथेच उभे राहिले. खिशातला नकाशा काढून बघायची गरज नव्हती. प्रश्नचिन्ह त्यांना तोंडपाठ होतं. दोन वाटांच्या दोन बाया, शेजारी, कारण अज्ञात. दोन हिवाळे त्यांनी वाहतुकीच्या खर्चाची गणितं मांडली होती, आणि कारण हे निघालं. एकदा विचारलं असतं तर बाईंनी तेव्हाच सांगितलं असतं. सरांना स्वतःची लाज वाटली, आणि तेवढ्यात हॉर्न वाजला.

एसटीच्या मागे पांढरी गाडी येऊन थांबली होती. पुढच्या सीटवरून प्राचार्य गिरासे पुष्पगुच्छासकट उतरले. मागून आनेकेबाई उतरल्या. उंचच्या उंच, पायात दणकट बूट, हातात सरांचा नकाशा. गाडी पुढे जाणं शक्य नव्हतं आणि बाईंना त्याचं काही वाटलंही नाही. त्यांनी एकदा नकाशाकडे बघितलं. एकदा रस्त्याकडे. मग नकाशा फिरवून उलटा धरून बघितला, बाईंनी सरांना जेवढी म्हणून संधी देता येईल तेवढी दिली. शेवटी त्यांनी इंग्रजीत विचारलं की चौधरी, तुमच्या नकाशात बाजार गोल आहे, आणि हा तर सरळ दिसतो.

प्राचार्य सरांच्या कानाला लागले. कॉलेजमध्ये त्यांनी अशा खूप समित्यांना तोंड दिलंय. सांगून टाका, म्हणाले, की हिवाळ्यात बाजार सरळ भरतो आणि उन्हाळ्यात गोल. आणि खरं सांगायचं तर सरांच्या डोक्यात त्याहून चांगलं उत्तर तयार झालं होतं. ऋतुमानानुसार बाजाराचं रेषेत होणारं स्थलांतर, रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाचं आकर्षण, वगैरे वगैरे. असलं वाक्य की ऐकणाऱ्याने वही काढावी. जीभ वळायला लागली होती. हॉलंड हातभर अंतरावर उभं होतं, दणकट बूट घालून. खाली शांतीबाई पदर तोंडाशी धरून सरांकडे बघत होत्या. त्यांना इंग्रजीतलं काही कळत नव्हतं, सर लेकीकडे कधी जाणार एवढीच त्यांना काळजी होती.

“नकाशा खरा आहे,” सर इंग्रजीत म्हणाले. “बाजार मी बिघडवला. तुम्ही येणार म्हणून साफ केला.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. दगड, चुना, गेरू, आजीकडून आईकडे, मायलेकी. ईश्वरभाऊंचं नाव त्यांनी घेतलं नाही आणि मुलांवरही ढकललं नाही. प्राचार्यांनी पुष्पगुच्छ चेहऱ्यासमोर धरला होता. आनेकेबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग त्या उकिडव्या बसल्या, शांतीबाईंच्या दगडावर हात फिरवला आणि हाताला लागलेला गेरू बघत राहिल्या. सरांना वाटलं, संपलं. तिकडे पापड लाटून झाले असतील, त्यांचं काय करायचं, असा एक फालतू विचार त्यांच्या मनात येऊन गेला. बाईंनी मान वर करून विचारलं की दगड परत ठेवता येतील का?

विचारायला काय जातंय. उचलायचे तर प्रत्येकाची परवानगी हवी होती, कारण तीच तर मुळात घेतली नव्हती. सर पहिल्या दगडापासून सुरू झाले. माफी मागायची, दगड उचलायचा, मैदानात न्यायचा. ब्लेझरच्या वाढवलेल्या खिशांचा काही उपयोग झाला नाही. दगड खांद्यावर घ्यावे लागले. एक खांदा पांढरा झाला, दुसरा तांबडा. आनेकेबाईंनी बाह्या सारल्या आणि दोन-दोन दगड उचलायला लागल्या. परदेशी बाई दगड वाहतेय म्हटल्यावर एसटीतले प्रवासी खाली उतरले, कंडक्टर उतरला, आणि प्राचार्यांनीही पुष्पगुच्छ ड्रायव्हरकडे देऊन एक मध्यम आकाराचा दगड निवडला.

जागा कुठली, यावर मात्र मैदानात जुंपली. इथे पहिल्यांदा नकाशा कामी आला. आनेकेबाई तो धरून महूच्या झाडाखाली उभ्या राहिल्या, सर ठिपके वाचून दाखवू लागले आणि बाजार नकाशाशी भांडू लागला. मी काय नाल्याच्या इतकी जवळ बसते? मिरचीवाल्यांमध्ये आणि माझ्यात एवढं अंतर कशाला, आमचं काय वैर आहे? गोडीशेववाल्याने आपला ठिपका सावलीत सरकवून मागितला आणि शेजाऱ्यांनी त्याला चारचौघांत हाणून पाडलं. बाई प्रत्येक दुरुस्ती पेन्सिलने करत होत्या आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की सरांनी कुठल्याच परिषदेत असा चेहरा बघितला नव्हता. दोन दगड शेजारी ठेवायची वेळ आली तेव्हा कुणी नकाशा बघितला नाही. ममता आधीच येऊन तिथे उभी होती. शांतीबाई पोतं घेऊन आल्या, बसल्या, आणि मायलेकी बोलायला लागल्या ते जणू मागच्या बाजारचं वाक्य अर्धं राहिलं होतं. बाईंनी प्रश्नचिन्ह खोडलं.

आता राहिला उखा. त्याचा सकाळपासून सोन्याचा दिवस होता. अडकलेल्या एसटीतल्या माणसांनी वेळ जात नाही म्हणून कोंबड्या घेतल्या होत्या, जीपवाल्यांनी घेतल्या होत्या, पाहुण्यांच्या ड्रायव्हरनेही एक घेतली होती. सरांनी त्याची मनधरणी केली तेव्हा त्याने अगदी समजूतदारपणे तोडगा काढला.

“सर, मन्हा दगड कोठेबी टाका,” तो म्हणाला, “पण आठेच टाका.”

शेवटी शांतीबाईंनी मैदानातूनच त्याला हाक मारून विचारलं की पुढच्या बाजाराला एसटी अडवायला कोण येणार आहे? उखाने विचार केला. रस्ता मोकळा झालाय, एसटी निघून चाललीय, हे त्यालाही दिसत होतंच. तो उठला, दगड स्वतः खांद्यावर घेतला आणि जाताना कमानीवरचा हार ओढून पाटीला गुंडाळून घेऊन गेला.

दुपार कलल्यावर करार झाला. टेबलखुर्च्या कमानीजवळ स्वागतासाठी घातलेल्या मंडपात राहिल्या होत्या, म्हणून उखाची रिकामी पाटी उपडी घालून तिच्यावर कागद ठेवला. आनेकेबाई म्हणाल्या की नकाशा खरा आहे, आणि चुकलं तेव्हा खरं सांगणारा माणूसही इथे आहे, दोन्ही मला हवं होतं. सरांना एकदम भरून आलं. ब्लेझर झटकून ते सहीला वाकले. पण बाईंना करारात दोन कलमं घालायची होती. पहिलं, करार चालू असेपर्यंत कॉलेजने या जागेची कोणत्याही प्रकारे साफसफाई करू नये. दुसरं, ती कुणीच करू नये यासाठी समन्वयकाने दर बाजाराला जागेवर हजर राहावं. दोन्ही कलमं शांतीबाईंना आणि बाकीच्यांना समजावून सांगितली, सगळ्यांनी माना हलवल्या, कुणीतरी म्हणालं की हे फार चांगलं झालं. सरांनीही मान हलवली. सही झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दर बाजाराला पिंपळबारीत हजर असलेला माणूस त्याच सत्रात हॉलंडमध्ये असू शकत नाही. तसं त्यांनी चाचरत बोलूनही दाखवलं. बाईंना वाईट वाटलं, पण त्या म्हणाल्या, मग कॉलेजकडून दुसरं कुणी पाठवा. प्राचार्य गिरासे तोवर हात धुऊन आले होते.

तळोद्यात ही बातमीही सरांच्या आधी पोचली. किराणा दुकानदाराचं माप सरळ झालं. ईश्वरभाऊंनी रंगलेला ब्लेझर बघून सांगितलं की दगड नदीतून आणायचे असतात, मैदानातले कुणी उचलतं का, आम्ही दौऱ्यांना कधी असं केलं नाही. यामिनीताईंनी पापडांचा डबा प्राचार्यांच्या घरी पोचवला आणि परत येऊन सरांना म्हणाल्या, बरं झालं, तुम्ही आता दर आठवड्याला भाजी तरी आणाल. हे त्यांनी सांत्वन म्हणून म्हटलं होतं.

बाजाराचा वार आला तसे सर गेले. जाणं भागच होतं, कलम होतं. महूच्या झाडाखाली उभं राहून पाय दुखायला लागले तेव्हा शांतीबाई जरा सरकल्या, ममताही सरकली, आणि सरांना बसण्यापुरती जागा झाली. पुढच्या बाजाराला तिथे एक दगड होता. कुणी ठेवला ते कुणी सांगितलं नाही. चुना, गेरू काही नाही, नुसता दगड. सर त्याच्यावर बसतात, वहीत काहीबाही टिपतात, गिऱ्हाईक आलं तर आमचुराची पुडी बांधून देतात. पुडी बांधण्यात त्यांचा हात अजून बसलेला नाही आणि त्यावरून दोघी हसतात.

परवाच्या बाजाराला प्राचार्यांचा हॉलंडहून फोटो आला. गळ्यात मफलर, मागे तिथला आठवडे बाजार. भलामोठा फरसबंद चौक, काडी सापडणार नाही इतका झाडलेला. जमिनीवर पांढऱ्या रंगाने आखलेल्या चौकटी, प्रत्येक चौकटीला आकडा आणि आकड्याबरहुकूम मांडलेली दुकानं. खाली प्राचार्यांनी लिहिलं होतं, काय ही स्वच्छता! सरांनी फोन शांतीबाईंसमोर धरला आणि सांगितलं, हे बघा, जिथे मी जाणार होतो ते. शांतीबाईंनी हात पदराला पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ त्या चौकातली फरशी निरखत राहिल्या. मग त्यांनी फोन परत दिला. चेहरा उतरला होता.

“तेस्ना बी दगड कोनीतरी उचली टाकात वाटस, सर.”